दुपारची टिकली

निघालो त्या सकाळी नाना फाटकापर्यंतही आले नाहीत. धारच्या घराच्या पायरीवर बसून त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "लेस नीट बांध, भिया." पोरालाही ते इंदुरी थाटात 'भिया'च म्हणायचे. आईने हातावर दही घातलं. मी 'येतो' म्हणालो. ताई, तू देवासहून आली होतीस आणि सारखे डोळे पुसत होतीस, तर नाना तुझ्यावरच खेकसले, "लढाईला थोडीच चाललाय, सराव आहे नुसता."

हवाई दलाचा सरावच होता, परदेशात. मित्रदेशांच्या विमानांबरोबर आपली लढाऊ विमानं उडणार, आणि ती धडधाकट ठेवायला आम्ही टेक्निशियन मालवाहू विमानातून मागोमाग जाणार. तिथे हँगरबाहेर इतकी थंडी, की पाना हातमोज्यातूनही चावायचा. आमचा एक नियम आहे: काम संपलं की प्रत्येक पाना टूल बोर्डावरच्या आपापल्या खाचेत परत गेला पाहिजे. एक जरी कमी दिसला तरी विमान उडत नाही, कारण इंजिनात राहिलेला पाना माणूस मारतो. तिथल्या पोरांचाही हाच नियम. एकमेकांची भाषा धड कळायची नाही, पण रिकामी खाच दिसली की दोन्हीकडचे चेहरे सारखेच उतरायचे.

घरी फोन सकाळी, ड्यूटीच्या आधी. माझी सकाळ ती तुमची दुपार. आई व्हिडिओवर यायची, कपाळावर ठसठशीत टिकली, गळ्यात मंगळसूत्र. नाना कुठायत विचारलं की म्हणायची, "जेवून पडलेत. उठवू का?" मीच नको म्हणायचो.

परतलो तेव्हा इंदूरच्या विमानतळावर भावजी एकटेच घ्यायला आले होते. पीथमपूरचा फाटा मागे पडला. मग गाडी बाजूला घेऊन म्हणाले, "नाना राहिले नाहीत." मी तिकडे पोहोचलो त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत कळ आली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. काकांनी अग्नी दिला, तेरावं झालं, आणि मी तिकडून तुम्हाला बर्फाचे फोटो पाठवत होतो.

भांडायचं तरी कुणाशी? हुकूम नानांचाच होता. पीथमपूरच्या कारखान्यात ते पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते, तेव्हा आजी गेल्याची बातमी कुणीतरी भर शिफ्टमध्ये, मशीन चालू असताना त्यांच्या कानावर घातली. उजव्या हाताची दोन बोटं त्याच शिफ्टला गेली. तेव्हापासून ते आम्हाला बजावायचे, "मशीन पे आदमी हो तो घर की बात नी करना." दवाखान्यात ऑक्सिजन लावलेला असतानाही त्यांनी आईकडून वचन घेतलं. पोरगा विमानाखाली आहे, त्याला कळता कामा नये.

आई-वडिलांचं सूतक आपल्याकडे कळल्यापासून धरतात. तुमचं फिटलं होतं, माझं सुरू झालं. कोपऱ्यात कांबळ्यावर मी एकटा, माझं ताट वेगळं, आणि आत कुकरच्या शिट्ट्या, तुझी मुलं कार्टून बघून हसतायत. तुमचं सगळ्यांचं रडून झालं होतं. माझ्या रडण्याला सोबत नव्हती, ताई, आणि त्याचा मला अजून राग येतो.

टिकलीचं तूच सांगितलंस. माझ्या फोनच्या आधी आई आरशासमोर बसायची, टिकली लावायची, डब्यातलं मंगळसूत्र काढून घालायची. बोलणं संपलं की दोन्ही परत डब्यात. शेजारच्या बायका नावं ठेवत होत्या, तरी तिने एक दुपार चुकवली नाही. विमानावर माझा हात चुकू नये म्हणून. मी तपासलेलं प्रत्येक विमान सुखरूप उतरलं. तेव्हा नानांचं चुकलं असंही मला म्हणवत नाही.

आता पुढच्या सरावाला पुन्हा माझं नाव लागलंय, देश दुसरा. बाहेर पडलेल्या माझ्यासारख्यांना घर म्हटलं की कुणाला अंगण आठवतं, कुणाला पोह्यांवरची शेव. मला फोनमधलं आईचं कपाळ दिसतं आणि ते खरं बोलतंय की नाही, हे मी न्याहाळत राहतो. काल तिला विचारलं, "तुला काही झालं तर मला कळवतील ना?" ती मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ताईला सांगून ठेवलंय." काय सांगून ठेवलंय, ते काही बोलली नाही.

ताई, मी हातातला पाना खाचेत ठेवीन, विमानापासून बाजूला होईन. पण तू मला त्याच दिवशी सांग.