थंड रोलवर मानूस म्हातारं होत न्हाई

ह्यातला एक शबुद खरा मानून दावा, म्या माझी नथ काढून देते! कुनीच मानत न्हाई, म्हनून तर ह्या गोष्टी साठत गेल्यात, मोरीतल्या भांड्यागत.

कोपरगावात आमच्या मालकांचा फोटो स्टुडिओ हुता. दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली रोल तापून खराब झालं. अख्खं लगीन काळं आलं! नवरीचा बाप दुकानात येऊन नाचला. मालक म्हनलं, "पुन्यांदा असं झालं तर दुकानाला कुलूप. रोल थंड ठिवला तरच टिकतू."

*

पयल्यांदा रोलचा डबा मेनानं बंद करून हिरीत सोडला. शेजारच्या काशीमावशीनं तो वर वढला. तिला वाटलं, लोनी! झाकनाला हात घालनार, तेवढ्यात म्या वरडले, "मावशे, उघडू नगं! लोकांची तोंडं हायती त्यात!"

मावशी दोर तितंच टाकून पळाली. पुन्यांदा हिरीवर आली न्हाई!

*

मग उरला फ्रिज. गल्लीत एकच, बागाईतदारीन बाईंचा. बैठकीत मांडलेला, वर इनलेला रुमाल, दाराला कुलूप, किल्ली बाईंच्या कमरंला.

बाई म्हनल्या, "आमच्या फ्रिजात भायेरचं चालत न्हाई."

"ऱ्हाऊ द्या मग," म्या म्हनलं. "थंड रोलवर मानूस म्हातारं दिसत न्हाई, म्हनून पयला फोटो तुमचाच काढनार हुतो."

बाईंनी दुधाचं पातेलं भायेर काढलं!

*

आठवड्यात गावभर झालं. बाया फोटोला येताना तोंडावर बर्फ घासून यायला लागल्या. एक तर एवढी कुडकुडली, फोटोत तिला दोन नाकं आली!

मालक खवळलं, "काय सांगत सुटलीस गं?"

"गिऱ्हाईक वाढलं का न्हाई, ते बोला!"

*

आन मग बाईंच्या लेकीचं लगीन. एवढं हुनबी बाईंनी फोटोग्राफर आनला पुन्याचा! टायवाला! मालकांचं तोंड पडलं. "आता गावात आपल्याला कोन इचारनार?"

त्या पुन्याच्या सायबानं रोलची पिशवी मोटारीत उन्हात ठिवली. नवरदेव मारुतीला गेला आन हिकडं सायबाचा रोल क्यामेऱ्यात चिकटून बसला, फिरंचना! बाई घाम पुसत माझ्याकडं आल्या.

म्या म्हनलं, "बाई, तुमच्या फ्रिजात भायेरचं हाय की थोडं!"

किल्ली फिरली. पन थंड डबी लगीच उघडली तर रोलला पानी सुटतंय. म्या ती टायवाल्याच्या काखंत दिली. "दाबून धरा सायेब, हालू नका!" नवरदेव परत येईस्तवर पुन्याचा सायेब काख आवळून मांडवात उभा, आन सगळं वऱ्हाड त्याच्याकडं बघतंय!

फोटो सगळे आमच्या मालकांनी काढलं. आलं असं, जसा आरसा! लेक-जावयाशेजारी बाई उभ्या हुत्या, तो एक मोठा करून त्यांनी फ्रिजाच्या वर टांगला. पुढं नवरदेवाची आज्जी आली. चष्मा वर केला, खाली केला, म्हनली, "नवरदेव झ्याक आलाय. पन ह्या दोघींतली नवरी कंची?"

बाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या! आन मालक मरस्तवर शपथ घेऊन सांगायचं, "म्या त्या फोटोला काय सुदीक केलं न्हाई."

जावा आता. उठा!