प्रस्थान ठेवलेली मोटार

आमच्या अण्णानं विजेवर चालणारी मोटार घेतली तेव्हापासून हुबळीच्या पेठेतल्या आमच्या दुकानात कापड कमी आणि भाषण जास्त विकलं जातं. गिऱ्हाईक बिचारं इरकलीचा पदर उलगडून बघतंय आणि हा त्याला पेट्रोल भरणारे लोक कसे खुळे असतात ते सांगतोय. "एका चार्जात कोल्हापूर! वर कागलपर्यंत परत!" हे त्याचं पालुपद. मी त्याची धाकटी बहीण. धारवाडात मळमड्डीला राहते, शाळेतून निवृत्त झालेय, आणि दुसऱ्याच्या चुकांखाली लाल रेघ मारायची सवय काही माझी निवृत्त झालेली नाही. म्हणून हे लिहिते आहे. चूक कुणाची होती तेही सांगणार आहे, पण जरा दमानं.

कोल्हापूरला आमची मावशी असते, आईची थोरली बहीण. गेल्या वर्षापासून तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. तिच्या सुनेचा फोन आला होता: "सकाळी अकरा-बारापर्यंत त्या छान असतात. जेवून जरा पडल्या की मग मलासुद्धा 'कोण गं तू' म्हणतात. आणि सकाळचं ते बरं असणंही कमी होत चाललंय. यायचं तर लवकर या, आणि सकाळीच या." आईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "मला धाकटे म्हणून हाक मारणारं तेवढंच एक माणूस उरलंय जगात. एकदा ऐकून येते."

एवढंच होतं काम. सकाळी अकराच्या आत कोल्हापूर. मी म्हटलं, पहाटेच्या बसनं जाऊ या, साडेदहाला पोचतो. अण्णा माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी आईला बैलगाडीत बसवायला निघालेय. "दारात मोटार असताना बस? लोक काय म्हणतील?" लोक काहीही म्हणणार नव्हते, लोकांना उद्योग आहेत. पण झालं, ठरलं.

मग गुरुजींनी पंचांग उघडलं आणि सांगितलं, त्या दिवशी उत्तरेकडं निघणं बरं नाही. आमच्या घरात यावर जुना उतारा आहे. आदल्या दिवशी चांगल्या वेळेला प्रस्थान ठेवायचं. म्हणजे सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ फडक्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुरचुंडी उचलून खुशाल चालू लागायचं. ठेवलेलं प्रस्थान फिरून घरी मात्र आणायचं नाही. आमचे वडील, अप्पा, होते तोवर माल आणायला सुरतेला जाताना दर वेळी ती पुरचुंडी शेजाऱ्यांच्या फळीवर जाऊन बसायची. सुपारीला चार्जिंग लागत नाही, त्यामुळं कधी काही अडलं नाही.

अण्णा आधुनिक माणूस. त्यानं सुपारीच्या ऐवजी अख्खी मोटारच प्रस्थान ठेवली. तीही शेजारी नव्हे, वीस किलोमीटरवर मळमड्डीला, माझ्या दारात. कारण विचारलं तर म्हणाला, "वाटेवरच आहे की गं." खरं कारण मला ठाऊक होतं. हुबळीतली सगळी आळी मोटार बघून झाली होती, माझी गल्ली तेवढी राहिली होती. मोटारीला भरपूर वीज पाजणारं यंत्र राहिलं हुबळीच्या भिंतीवर आणि मोटार आली इकडं, दिवसभर सोयऱ्याधायऱ्यांना मिरवून अर्धी रिकामी. मी म्हटलं, "आता?" तर म्हणे, "गीझरचं प्लग आहे न्हवं? रातभर लावून ठेवायचं. सकाळी फुल्ल!" माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून वायर बाहेर गेली. गल्लीतले चार निवृत्त लोक काठ्या टेकत येऊन बघून गेले. "एष्ट ओडतैत्री?" किती पळते, एवढा एकच प्रश्न चौघांनी विचारला आणि अण्णानं चौघांना चार वेगळे आकडे सांगितले.

रात्री आई आणि तो माझ्याकडंच झोपले. सकाळी सहाला तो मोटारीत बसला आणि ओरडला, "छप्पन्न!" शंभर टक्के असायला हवे होते. आई हुग्गीचा डबा मांडीवर घेऊन मागं बसलेलीच होती. मावशीला खपली गव्हाची ही खीर आवडते म्हणून पहाटे चारला उठून केलेली. अण्णानं क्षणभर फोनमध्ये बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "धारवाडच्या करंटला दमच न्हाई."

माझं डोकंच फिरलं. हुबळीवाल्यांनी आम्हाला करंट शिकवायचा? मी दारातच त्याला चांगलं झापलं. तुमच्या हुबळीत धुळीशिवाय काय आहे, इथपासून सुरुवात केली. बोलत बोलत वायर काढायला न्हाणीघरात गेले, आणि बघते तर गीझरचं बटण बंद. झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करायची ही माझी तीस वर्षांची सवय. आदल्या रात्रीही फिरले होते. हात आपोआप गेला असणार. मी वायर गुंडाळली, बाहेर आले आणि म्हणाले, "करंट बरोबर आहे, तुझं डबडंच खोटं."

हुबळीला परतून मोटार भरून घेता आली असती. पण ठेवलेलं प्रस्थान माघारी न्यायचं नाही. "वाटेत बेळगावला भरू," अण्णा म्हणाला. आईनं विचारलं, "अकराला पोचतो न्हवं रे?" दोघंही एकदम हो म्हणालो.

बेळगावच्या बाहेर एका हॉटेलाच्या आवारात यंत्र होतं. हिरवा दिवा लागलेला, ऐटीत उभं. वायर लावली की म्हणायचं, नेटवर्क नाही. अण्णानं फोन लावला. पलीकडची बाई हिंदीतून म्हणाली, यंत्र एकदम चांगलं आहे. अण्णा कानडीतून म्हणाला, मग तूच येऊन भर. पाऊण तास हे भांडण चाललं. तेवढ्यात तीन लोकांनी येऊन विचारलं, किती पळते, आणि त्या अवस्थेतही त्यानं तिघांना मोटारीचे फायदे सांगितले! मी मागून टोला हाणला, "फायदे सांग, पण उभ्याउभ्या सांग, कारण ती आता बसलीच आहे."

पुढं संकेश्वरापर्यंत एसी बंद. चैत्राचं ऊन. मोटार चाळीसच्या वर न्यायची नाही, कारण जोरात गेलं की आकडा भसाभस उतरतो. उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला ओलांडलं, आणि ट्रॅक्टरवाल्यानं आमच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. आई पदरानं वारा घेत होती आणि डब्याचं झाकण उघडून वास घेत होती. दर दहा मिनिटांनी विचारायची, "किती वाजले?" मी पंधरा मिनिटं कमी करून सांगायचे. शाळेत अशा मुलींना मी पट्टी मारत असे.

संकेश्वरचं यंत्र चालू होतं, पण त्याला दुसरी मोटार लागलेली. मालक हॉटेलात ताटावर. अण्णा हात जोडून गेला, म्हातारी बरोबर आहे, तुमचे चौऱ्याऐंशी झालेत, सोडा की आता. तो म्हणाला, "शंभर झाल्याशिवाय मी काढत नसतो. गाडीला सवय लागते." अहो, काय ही माणसं! वरचे सोळा भरायला तासभर लागला, आणि त्यानं ताटानंतर लस्सी मागवली, लस्सीनंतर पान. मी त्याला तोंडावर सांगितलं की नरकात तुमच्यासाठी असलंच यंत्र राखून ठेवलंय. तो हसला आणि चुना पुसला. मग आमचा नंबर. भरून निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते. आईनं वेळ विचारायचं थांबवलं होतं.

सबंध वाटेत मी अण्णाला सोडलं नाही. दिशा बघणारा, दुनिया न बघणारा. उंटावरचा शहाणा. एका चार्जात कोल्हापूर, दोन दिवसांत कागल. त्यानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मला वाटलं, शरमला असेल.

साडेतीनला पोचलो. मावशी झोपून उठून खिडकीपाशी बसली होती. केस नीट विंचरलेले, चांगलं पातळ. सून हळूच म्हणाली, "सकाळपासून तयार होऊन बसल्या होत्या. बारापर्यंत दहा वेळा विचारलं, आली का." आई शेजारी जाऊन बसली, हात हातात घेतला, म्हणाली, "मी आले की गं." मावशीनं परक्या बाईकडं बघून हसावं तसं हसून तिला जागा करून दिली. हुग्गी नासली नव्हती. आईनं वाटीत काढून चमचा पुढं केला. मावशीनं मान हलवली.

"आत्ता नको. धाकटी यायची आहे. ती आल्यावर खाईन."

आई म्हणाली, "बरं. थांबू या." आणि वाटी मांडीवर घेऊन दोघी खिडकीबाहेर बघत बसल्या.

मला तिथं उभं राहवेना. बाहेर आले तर अण्णा ओसरीतल्या प्लगला मोटारीची वायर लावत होता. डोळे लाल. परतीचा प्रवास होताच. मला वाटलं, आता सांगून टाकावं. तोंड उघडलं, पण तोंडातून आलं, "नीट लाव. कालच्यासारखं नको."

त्यानं फोन खिशातून काढला, माझ्यापुढं धरला आणि परत ठेवून दिला. काल मोटारीला वीज मिळायची कधी थांबली, ती वेळ त्यावर होती. माझी बटणं बंद करत फिरायची वेळ.

"आईला कशाला सांगायचं," तो म्हणाला. "आज एवढं बटण तेवढं राहू दे गं चालू."