नागम्माअक्काचा नवस

सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सणाला यंदा घरातर्फे साक्ष मी द्यावी, देवानं आमच्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगावं, असं आईनं ठरवलं होतं, आणि मला ती देता येत नव्हती. डेंगीनं आई बिदरच्या दवाखान्यात जवळजवळ गेलीच होती. ती परत आली. पण तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई गेली. तिची लेकही माझ्यासारखीच भिंतीशी बसून देवाला हाक मारत होती. मग मी उभी राहून काय म्हणू? प्रभू, आमचं ऐकलंस, तिचं ऐकलं नाहीस, म्हणून तुझे आभार? वडील गावोगाव शुभवर्तमानाची पत्रकं वाटत. ती वाचतच मी अक्षरं शिकले आणि पुढं स्वतः पत्रकं लिहू लागले. देवाशी सौदा करू नका, नवस म्हणजे लाच, असं मी ठणकावून लिहिलं होतं. आता आमची साक्षही मला मिळालेल्या मालाची पोच दिल्यासारखी वाटत होती.

सकाळी कमठाण्याच्या आमच्या चर्चच्या अंगणात लोक सोयाबीन, भोपळे, ऊस घेऊन जमले होते. तेवढ्यात शेजारची नागम्माअक्का आली. ती धनगराची, चर्चची पायरी कधी न चढलेली. आई दवाखान्यात असताना हीच तिथं आमच्यासाठी भाकरी घेऊन यायची. आज तिच्या दोन्ही काखांत एकेक कोंबडी होती.

“नवस हाय,” ती मला म्हणाली. “तुझी आई उठली तर तुमच्या येसूला कोंबडी देते म्हनले होते.”

मी गडबडले. “अक्का, आमच्यात कापत न्हाईत.”

“कापा म्हनून कोन म्हनायलंय? पोसा की. अंडी खावा.”

आईला हसू आलं. “आन् दुसरी कामून आनलीस गं?”

“त्या बाजूच्या खाटेवरलीची. तिच्यासाठी बी बोलले होते.”

“ती तर गेली की, अक्का,” मी म्हणाले.

“ठावं हाय. मी तिथंच होते न्हवं का.” खाली बसून ती कोंबड्यांच्या पायांची सुतळी सोडू लागली. “गेली म्हनून बोललेलं गिळू का?”

नवस चूकच, असं मी आजही म्हणेन. पण ज्याला मी सौदा म्हणत होते तो हा नव्हता, आणि हे काय होतं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

पाळकसाहेबांनी आमच्या घराला बोलावलं तेव्हा मी उभी राहिले. म्हणाले, “आई घरी आली. शेजारच्या खाटेवरची बाई गेली. दोघींसाठी एकीनं मागितलं होतं आणि दोघींसाठी ती आज आली आहे. प्रभू, मला तुझं काही कळत नाही. न कळताच मी तुझे आभार मानते.” देवाकडं हिशेब न मागता मी पहिल्यांदाच बोलले होते. छातीवरचं ओझं थोडं हललं.

सगळे “आमेन” म्हणाले. ते विरल्यावर, शेवटच्या बाकावरून, नागम्माअक्का एकटीच म्हणाली, “व्हय.”