आई परतताना सच्याच्या गाडीत बसली

मंडळी, आज लय जळतंय. तुमच्याशिवाय सांगणार कुणाला?

सच्या माझा चुलतभाऊ. तो मिरजेत, मी सांगलीत. दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या, रंगसुद्धा लालच. दिवाळीत दोघांनीही आपापली गाडी खाली बसवली, म्हणजे तिची उंची कमी केली. मी स्प्रिंगा कापून चांगली चार बोटं उतरवली आणि मोठाली चाकं घातली. सच्यानं स्प्रिंग-शॉकअपचा जोडीचा सेट टाकला, जेमतेम दीड बोट उतरवली, हलकी चाकं घेतली, अलाइनमेंट केली. वर मागच्या सीटवर हळदीची तीन पोती टाकून दिवसभर फिरला.

"गाडी हाय का टेम्पो रं?" म्हणून मी त्याला लय चिडवलं.

आज फलटणला साखरपुडा होता. माझ्या गाडीत आई, आत्या, मामी मागं बसल्या आणि टायर मडगार्डला घासायला लागलं. खर्र, खर्र! उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर गाडी बेडकागत उड्या मारत होती. पुढं सच्या मात्र वळणावर वळणं घेत असा चालला होता, जणू रस्ता त्याच्या नावावर हाय.

जेवणं उरकल्यावर आई म्हणाली, "बाळा, मी सच्याच्या गाडीत बसते. कंबर धरली रं." आत्या आणि मामी तिच्या मागोमाग निघाल्या.

मी एकटाच परत आलो. रिकामी गाडी सांगलीपर्यंत एकदाही घासली न्हाई. तेच जास्त लागलं.

मागं माणसं बसणार म्हणून आधी पोती टाकून बघायचं त्या सच्यालाच कसं सुचलं, गड्यांनो? आई तर माझी हाय.