दोन होड्या, बावीस शेळ्या

माझा मामा मोजणी खात्यात होता. पण अख्ख्या नोकरीत त्याने मोजलं काय, तर समुद्रातलं दोनशे पावलांचं एक बेट. त्यावर आपलं सरकार हक्क सांगायचं आणि पलीकडचंही. राहायला माणूस नाही, प्यायला पाणी नाही. मधोमध काटेरी झुडपं आणि त्यांच्या आडोशाला अंडी घालणारे पांढरे पक्षी. भांडायला तेवढं पुरे होतं.

दर महिन्याला ऐन भरतीत बेट पाण्यावर किती उरतं, ते फितीने मोजायचं. फीत धरायला दोन माणसं लागतात आणि खात्याने धाडला एक. पलीकडच्यांनीही एकच. धन्य ती खाती! दोघांनी मुकाट्याने एकेक टोक धरलं. अकरा वर्षं हे असंच चाललं. मोजणी झाली की दोघं मिळून घरटी बघत हिंडायचे. "पोरांची परीक्षा कधी ते माहीत नाही, पण पिल्लं कधी उडणार ते तोंडपाठ," मामी करवादायची.

एक दिवस साहेबांनी मामाला बोलावलं. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांनी त्याच बेटावरचे शंख ठेवले होते.

"बेटावर आपली वस्ती दाखवायचीय. दहा शेळ्या पाठवतोय."

"साहेब, त्या झुडपं खातील. झुडपं गेली की वाळू वाहून जाईल. पक्षी बसणार कुठे?"

"अहो, तुम्ही मोजणीवाले ना? मग मोजा."

मामाने तीन अर्ज केले. तिन्हींवर 'पाहिले' एवढाच शेरा आला.

आपल्या दहा शेळ्या गेल्या म्हणताना पलीकडच्यांनी बारा पाठवल्या. शेळ्यांना मेला देशाभिमान कसला तो नाहीच! दोन्हीकडून पिंपांनी आलेलं पाणी पिऊन बावीसजणी गुण्यागोविंदाने चरल्या आणि तीन महिन्यांत झुडपांचा फडशा पाडला. मग दोन्ही सरकारांनी आपापल्या शेळ्या वाजतगाजत परत आणल्या. वर्षभरात लाटांनी वाळू ओढून नेली. पक्षी आले, घिरट्या घालून घालून दमले आणि निघून गेले. त्या दिवशी मामा जेवला नाही.

शेवटच्या मोजणीला दोघं गुडघाभर पाण्यात उभे होते. मामाने शून्य लिहिलं. खात्याचं उत्तर आलं: 'आपल्या मालकीचं बेट शून्य असू शकत नाही. फेरमोजणी करावी. तसेच पक्षी कोणाच्या हद्दीत गेले, ते कळवावे.'

मी पोट धरून हसलो. मामा हसला नाही.

"साहेबांना हसू नकोस," तो म्हणाला. "तिसऱ्या अर्जावर शेरा आला, तेव्हा शेळ्या चरत होत्या, पण तिथे अर्धी झुडपं शिल्लक होती. माझी होडी होती, त्याची होडी होती. दोघांनी शेळ्या होडीत घालून आणल्या असत्या, तर काय नोकरी गेली असती एवढंच. तसं आम्ही एकमेकांना म्हणालोसुद्धा."

"मग?"

"मग काय? त्याने टोक धरलं आणि आम्ही मोजत बसलो."