शनिवारची लाल गाडी

बरीच वर्षं खाकीत काढली. मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपास केले, पण आज कुणी विचारलं की लक्षात राहिलेलं प्रकरण कोणतं, तर डोळ्यांसमोर एक लाल गाडी येते. ज्या प्रकरणात शेवटी गुन्हाच दाखल झाला नाही, ते मला सर्वांत जास्त आठवावं, याची माझ्या घरच्यांनाही गंमत वाटते.

निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षं मी नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे चोरट्या दारूच्या वाहतुकीवर नजर ठेवणं हे आमचं रोजचं काम. नाक्यावरच्या पोलिसाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली जाते. गाडीचा रंग बघू नको, चालकाचा चेहरा बघू नको, गाडीचं बूड बघ. मागची बाजू दबलेली असली की आत माल आहे असं समज. या एका नियमावर आम्ही कितीतरी गाड्या पकडल्या होत्या.

आमचा एक खबरी होता. घाट उतरल्यावर लागणाऱ्या फाट्यावर त्याची पानटपरी होती. एक दिवस तो ठाण्यात आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, लाल गाडी शे, ल्हानशी. गुजरात पासिंग. दर शनिवारे दुपारे धडगावकडथून उतरस. बूड जमीनले टेकी ऱ्हायनं. माल शे."

पुढच्या शनिवारी आम्ही नाकाबंदी लावली. गाडी आली ती आधी ऐकू आली, मग दिसली. बुटकी, रुंद टायरची, मागे पंख लावलेली, आणि सायलेन्सर असा की म्हशी बुजाव्यात. बूड खरोखरच रस्त्याला टेकायला आलं होतं. माझे हवालदार खूश झाले.

डिकी उघडली तर आत स्टेपनी आणि फुलाफुलांच्या अभ्र्याची एक जाड उशी. बस. दारूचा वासही नाही.

चालक होता धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेतला तरुण शिक्षक. उंचापुरा, नम्र. अजून शिक्षण सेवकच होता, नोकरीत कायम व्हायचा होता. त्याचं गाव शहाद्याच्या बाजूला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी जातो, असं त्याने सांगितलं. आम्ही त्याच्या वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, पोरगा अंधार पडल्यावरच घरी येतो. खबऱ्याने आणखी एक सांगितलं होतं. ही गाडी शहाद्याला न थांबता तापीवरचा पूल ओलांडून नंदुरबारकडे जाते. मग सबंध दुपार हे महाशय असतात कुठे?

मी त्याला ठाण्यात आणलं, चहा दिला आणि समोर बसवलं. चौकशीत मी आधी माणसाला त्याच्या आवडीचं बोलू देतो. कोण कुठे अडखळतो ते त्यातच कळतं.

"गुरुजी, शिक्षण सेवकाच्या मानधनात ही असली गाडी?"

त्याचा चेहरा उजळला. "जुनी आहे, साहेब. सुरतेकडच्या एका कॉलेजच्या मुलाची होती. तो परदेशी निघाला म्हणून स्वस्तात मिळाली. दिसायला उनाड आहे, पण घाटातल्या वळणावर रस्ता सोडत नाही. आणि तेलही फार पीत नाही."

बैलजोडीचं कौतुक सांगावं तसा तो बोलत होता. दारू वाहणारा माणूस गाडीवर असं प्रेम करत नाही, तिला तो हमाल समजतो. मला तो मुलगा आवडला. पण मी दुपारचं विचारलं आणि तो एकदम गप्प झाला.

"ते मी सांगणार नाही, साहेब. पण वाईट काही केलेलं नाही."

"उशी कशाला?"

त्याने मान खाली घातली.

मला त्याचा राग आला आणि काळजीही वाटली. त्याच्यावर संशय असल्याचा माझा अहवाल त्याच्या खात्याकडे गेला असता, तर त्याची नोकरी कायम होणं कठीण होतं. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. त्याचे डोळे भरले, तोंड मात्र उघडलं नाही.

तेवढ्यात हवालदार आत आला. त्याने गाडी सावलीत लावली होती. "साहेब, एक गंमत आहे. आत कुणी नाही, डिकी रिकामी, तरी बूड खालीच."

शिक्षक ओशाळून म्हणाला, "आधीच्या मालकाने शौक म्हणून स्प्रिंगा कापून घेतल्या आहेत, साहेब. प्रत्येक गतिरोधकावर घासते."

आमच्या नाक्यावरचा नियम असा भुईसपाट झाला. पण दुपारचं कोडं तसंच होतं. बापाला गाडी पाठवून बोलावून घेतलं. पांढरी टोपी, करारी चेहरा, गावात मान असलेला शेतकरी. ते आले आणि मुलावर डाफरू लागले. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि साडीचा पदर सावरत एक ठेंगणी बाई घाईघाईने आत आली.

"साहेब, मन्हा आंडोर कोठे शे? त्यानी काहीच करेल नही!"

ती त्याची आई होती. नंदुरबारकडच्या रनाळ्याला तिचं माहेर. दर शनिवारी बहिणीकडे जाते असं सांगून ती बसने तिकडे जायची. आज लेक आला नाही, फोन लागेना, म्हणून तिने घरी विचारलं आणि ठाण्याचं नाव कळताच निघाली.

"आई, बोलू नको," मुलगा म्हणाला.

"चूप ऱ्हाय. तुन्ही नोकरी जाई ना." ती माझ्याकडे वळली. "साहेब, तो माले गाडी शिकाडस."

बाप खुर्चीतून उठलाच. "तू? तू गाडी चालाडस? गाव काय म्हनी?"

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "नवापूरकडना लगीनमा तुम्हनी छातीमा कळ उनी, याद शे ना? गाडी उभी व्हती. चाबी मन्हा हातमा व्हती. चालाडनारा कोनी नव्हता, सगळा वरातमा. तुम्हनं डोकं मांडीवर लिसन मी रस्तावर बठेल व्हती."

पुढचं मुलाने सांगितलं. कुणीतरी शेवटी सापडलं आणि चिंचपाड्याच्या दवाखान्यात वेळेत पोचल्यामुळे वडील वाचले. बरे झाल्यावर त्यांनी त्या दिवसाचं नावही घरात काढू दिलं नाही. आईने मात्र लेकाकडून वचन घेतलं. मला शिकव, आणि पक्कं लायसन हातात पडेपर्यंत बापाला कळू देऊ नको. रनाळ्याजवळच्या रिकाम्या रस्त्यावर त्यांची शाळा भरायची. उशी आईसाठी होती, नाहीतर तिला काचेतून रस्ता दिसत नसे.

"ल्हान गाडी शे म्हनीसन जमस माले," ती म्हणाली आणि पिशवीतून शिकाऊ लायसन काढून माझ्या टेबलावर ठेवलं. अगदी रीतसर होतं.

"मग गाडीला 'एल' का नाही?" मी उगाच दरडावून विचारलं.

"गाव देखी लेतं ना, साहेब."

मी हसलो. इतका वेळ छातीवर धरून ठेवलेला दगड खाली ठेवल्यासारखं वाटलं. एका चांगल्या पोराच्या आयुष्यावर माझ्या हातून काट मारली जाणार होती, ती टळली. मी स्टेशन डायरीत चौकशी करून सोडल्याची नोंद घ्यायला सांगितली, आणि हवालदाराकडून पांढऱ्या कागदावर लाल शाईने मोठा 'एल' काढून मागच्या काचेवर चिकटवून घेतला.

चौकशीत मी कायम गृहीत धरलं की गप्प बसणारा स्वतःला वाचवत असतो. त्या दिवशी कळलं की काही माणसं दुसऱ्याचं गुपित राखण्यासाठी स्वतःची भाकरी पणाला लावतात. त्यानंतर कुणी समोर गप्प बसला की 'काय लपवतोस' असं मी विचारलं नाही. 'कुणासाठी लपवतोस' असं विचारू लागलो, आणि पुष्कळ वेळा उत्तर मिळालं.

निघताना मुलगा किल्ली घेऊन चालकाच्या दाराकडे गेला. बापाने हात पुढे केला, त्याच्याकडून किल्ली घेतली आणि बायकोच्या हातात दिली. मग डिकीतून उशी काढून स्वतःच तिच्या सीटवर ठेवली. मुलगा तिच्या शेजारी बसला. बाप टोपी सांभाळत, कसाबसा वाकून, त्या बुटक्या गाडीच्या मागच्या सीटवर शिरला.

गाडी फाटकातून बाहेर पडताना गतिरोधकावर खरर्रकन घासली. आतून करारी आवाज आला, "हळू वं!"

पण तिला 'थांब' असं तो म्हणाला नाही.