शेवटची रांग मी लावली

आई नवी पेठेतल्या कापडदुकानांपुढचा रस्ता झाडायची. रविवारीसुद्धा. बाप यंत्रमागावर टॉवेल विणता विणता दम्यानं खाटेला लागलेला. झाडून झालं की आई नळावर हातपाय धुवायची आणि मला घेऊन तशीच चर्चला यायची. प्रभुभोजनाच्या दिवशी तर उपाशीच.

प्रभुभोजनात भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस मिळतो. आमच्या चर्चमध्ये त्या रसाचा प्याला एकच. लोक वेदीपुढं रांगेनं गुडघे टेकतात, पाळकसाहेब तोच प्याला एकेकाच्या ओठांना लावत जातात. आपल्या आधी कोण प्यालं ते सगळ्यांना दिसतं. मी दहा वर्षांची असताना आई पहिल्याच रांगेत बसली. शेजारी थोरल्या बाई. सासऱ्यापासून घराण्यात शिक्षक. त्या हळूच बोलल्या, पण ऐकलं सगळ्यांनी.

"झाडू टाकून सरळ इकडंच आलीस का गं? ऊठ. शेवटच्या रांगेत बस."

आई उठली. पाळकसाहेब थांबले होते. आई बाजूला झाल्यावर त्यांनी प्याला पुढं नेला.

घरी जाताना आई म्हणाली, "प्याला देवाचा हाय की. आधी काय न् मागनं काय."

"मला न्हाय चालणार," मी म्हणाले. तेव्हाच ठरवलं. शिकायचं. पहिल्या रांगेत बसायचं. बघू कोण उठवतंय.

शिकले. घरात पहिली मी. बी.ए., बी.एड. शाळेत लागले. आई गेली त्या वर्षी मी चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी झाले. पहिल्या रांगेत बसायला लागले. आणि साक्ष द्यायला लागले, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगायला. घरोघरच्या प्रार्थनेत, वस्तीतल्या सभेत. आईला कसं उठवलं ते सांगायचे. बाया पदर डोळ्याला लावायच्या. थोरल्या बाई मान खाली घालायच्या. मला ते आवडायचं. लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं. माझ्या साक्षेत पाप असायचं, ते कायम दुसऱ्याचं. दर रविवारी पापांगीकार, आपली पापं कबूल करायची प्रार्थना, तोंडपाठ म्हणायचे आणि मनात थोरल्या बाईंचा चेहरा.

मागच्या वर्षी शालन यायला लागली. भंगार वेचणारी. नुकता बाप्तिस्मा झालेला. प्रभुभोजनाच्या रांगा लावायचं काम तेव्हा माझ्याकडं. त्या रविवारी ती पोरीला मागच्या बाकावर बसवून माझ्याच शेजारी येऊन बसली. तिच्यानंतर प्याला माझ्याकडं येणार होता. तिच्या नखांत काळं. साडीला वास. मी वाकले.

"शालनताई, तुम्ही शेवटच्या रांगेत या हं."

'हं' लावलं. शिकलेली होते ना.

ती म्हणाली, "बाई, तुमची साक्ष ऐकूनच आले की मी हितं."

उठली. शेवटच्या रांगेत गेली नाही. पोरीचा हात धरला आणि दाराबाहेर पडली.

मी काय केलं? तिथंच राहिले. प्याला आला. प्याले. घोट सरळ खाली गेला. घशात अडकला असता तर बरं झालं असतं.

नंतरचे दिवस विचारू नका. वर्गात खडू हातात धरून उभी राहायचे. प्रार्थनेला बसले की एक पाप उचलावं तर त्याखाली दुसरं. गर्व. किळस. थोरल्या बाईंना वर्षानुवर्षं चारचौघांत खाली बघायला लावलं, ते. आईचा अपमान मी दागिन्यासारखा घालून हिंडले, ते. वाटायचं, देवानं आता तोंड फिरवलं.

पाळकसाहेबांकडं गेले. ते म्हणाले, "मॅडम, शिस्तीसाठी बोलला असाल. मनाला लावून घेऊ नका."

"साहेब, मला वास आला म्हणून उठवलं."

ते चष्मा पुसत बसले.

शालनच्या घरी गेले. पत्र्याच्या खोपटापुढं बसून ती बाटल्या निवडत होती. माफी मागितली. तिचे हात थांबले नाहीत.

"माफ क्येलं, बाई. पर तितं न्हाय यायची मी. पोरीनं बघितलंय."

पुढच्या प्रभुभोजनाला, पापांगीकाराच्या आधी, मी उभी राहिले. मंडळीला वाटलं नेहमीची साक्ष. मी म्हणाले, "शालनताईंना मी उठवलं. त्यांच्या अंगाला वास आला म्हणून. माझ्या आईशी झालं ते मी त्यांच्याशी केलं. मी पापी आहे."

थोरल्या बाई आता म्हाताऱ्या झाल्यात. त्यांना सहन होईना. "पुरे की आता! सगळ्यांपुढं कशाला? बस खाली."

बसले नाही. पोरीसमोर केलं होतं, तेही सांगितलं. पूर्ण सांगितलं.

सेक्रेटरीपद सोडलं. कमिटीशी भांडून रांगा लावणं बंद करवलं. आता जो येईल तो मिळेल तिथं गुडघे टेकतो. शालन अजून आलेली नाही. तिला मी बोलवायला जाणार नाही. माझं मन हलकं व्हावं म्हणून तिनं परत का यावं?

ओझं आहे. राहू दे. चाळिशी उलटल्यावर का होईना, माझं पाप मी माझं म्हणून बोलले. यापुढं साक्ष देईन ती हीच.